गुडघ्याखालची उशी

ती उशी मीच ठेवली होती. आईचा डावा गुडघा सुजून टम्म झाला होता, पाय सरळ करायला गेलं की कळ यायची, आणि गुडघ्याखाली उशी सरकवली की तिच्या कपाळावरची आठी सैल व्हायची. दुखणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असा उतार दिसला की जवळच्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. मी दिवसातून चारदा ती उशी सारखी करायचे. रात्री जाग आली की आधी तिच्या पायाकडे बघायचे, सरकली असेल तर पुन्हा लावायचे. ‘तू उठू नकोस, मी आणून देते’ हे वाक्य तर त्या सहा आठवड्यांत माझ्या तोंडात बसलंच होतं.

सूज उतरली. पाय मात्र सरळ होईना.

आधी आम्ही दोघींनी ते फारसं मनावर घेतलं नाही. इतके दिवस पडून होती, आखडला असेल, होईल मोकळा. पण ती उभी राहिली की डावी टाच अधांतरी राहायची. टेकवायची तर दोन्ही गुडघे वाकवून उभं राहावं लागे, आणि चार पावलांत मांडी भरून यायची. पलंगापासून दारापर्यंत जाऊन ती चौकटीला धरून थांबायची आणि परत फिरायची. तिचं घर त्या चौकटीशी संपायला लागलं होतं.

फिजिओथेरपिस्ट आली ती वयानं माझ्याहून लहान. पिशवीतून तिनं एक पारदर्शक पट्टी काढली, खरं तर एका खिळ्यावर फिरणाऱ्या दोन पट्ट्या, मधे कोनमापकासारखी आखणी. गोनिओमीटर. एक पट्टी तिनं खुब्याच्या बाहेरच्या हाडाच्या रोखानं धरली, दुसरी घोट्याच्या. “पूर्ण सरळ म्हणजे शून्य. काकू, तुमचे पंधरा अंश बाकी आहेत. वाकतो पंच्याण्णवपर्यंत.” मग तिचं लक्ष उशीकडे गेलं.

“ही कधीपासून?”

मी सांगितलं. ती रागावली नाही. उशी उचलून तिनं खुर्चीवर ठेवली, एक टॉवेल घट्ट गुंडाळला आणि तो टाचेखाली सरकवला. गुडघा हवेत राहिला. “आता त्याला त्याच्या वजनानं खाली येऊ द्या. पाच मिनिटं. ओढ जाणवेल, ती चालेल.” आईनं चादर मुठीत धरली. मी उशीकडे हात नेला आणि मागे घेतला.

नंतर तिनं कारण सांगितलं, आणि ते कळल्यावर मला त्या सहा आठवड्यांतली एकेक रात्र आठवत गेली. गुडघ्यात सूज येते म्हणजे सांध्याच्या पिशवीत जास्तीचं पाणी साचतं. या पिशवीत सर्वांत जास्त जागा असते ती गुडघा पंचवीस-तीस अंश वाकलेला असताना. म्हणून सुजलेला गुडघा आपण होऊन तेवढा वाकतो. तिथे ताण कमी, म्हणून तिथे बरं वाटतं. मी उशी देऊन त्याला नेमकं तिथेच मुक्कामी ठेवलं होतं. मागच्या बाजूचं आवरण आणि मांडीमागचे स्नायू तेवढ्याच लांबीला सरावले. आता पाय सरळ करायचा म्हणजे त्या सगळ्यांना पुन्हा लांब व्हायला शिकवायचं. गुडघा पूर्ण सरळ असला तर नुसतं उभं राहायला मांडीच्या स्नायूला फारसे कष्ट नसतात, वजन हाडांवरून खाली जातं. पंधरा अंश वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहणं म्हणजे सतत अर्धवट उठाबशीत थांबणं. चार पावलांत मांडी का भरून येते, ते मला तेव्हा कळलं.

आईच्या मनात मात्र वेगळंच घट्ट बसलं होतं. “झीज झालीये म्हणाले ना? मग वापरला तर आणखी झिजणार.” हे तिचं एकटीचं नाही. ज्यांना ज्यांना ‘झीज’ हा शब्द ऐकवला जातो ते सगळे आपल्या सांध्याकडे जुन्या टायरसारखं बघायला लागतात: जितका कमी चालवू तितका जास्त टिकेल. मला तो शब्दच आता नकोसा वाटतो. टायर बरा होत नाही, टायरला खायला लागत नाही. सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या चिकट वंगणातून होतं, आणि ते वंगण आतबाहेर होतं दाबानं. पाय टेकला की कूर्चा दाबली जाते, उचलला की सुटते, पाणी पिळून सोडलेल्या स्पंजसारखी. न हलणाऱ्या सांध्याला हे मिळत नाही. एक्स-रेमध्ये झीज दिसते तेवढंच दुखतं असंही नाही. भयंकर दिसणाऱ्या एक्स-रेची माणसं हिंडतात, आणि साध्या दिसणाऱ्या एक्स-रेची माणसं जिन्याशी थांबतात. मांडीत किती ताकद आहे, वजन किती आहे, झोप किती लागते, मनात भीती किती आहे, या सगळ्यावर ते ठरतं.

पहिला व्यायाम ऐकायला इतका साधा होता की मला जरा निराशाच वाटली. पाय पसरून बसायचं, मांडी आवळायची, गुडघ्याची मागची बाजू खाली दाबायची, पाच आकडे म्हणेपर्यंत धरायचं, सोडायचं. “आवळा काकू.” आईनं ओठ आवळले, खांदे वर गेले, पायाची बोटं ताठ झाली. मांडी तशीच, मऊ, निपचित. “आवळतेय की,” ती म्हणाली. आवळत नव्हती. फिजिओनं माझा हात धरून आईच्या मांडीच्या पुढच्या बाजूवर, वाटीच्या चार बोटं वर आणि किंचित आतल्या अंगाला ठेवला. “इथे बघा.” काही नाही. पुन्हा सांगितलं. काही नाही. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याचं नाही. आपलाच पाय आपलं ऐकत नाही याचं.

या प्रकाराला वैद्यकात नाव आहे आणि त्याचा अभ्यास जुना आहे. १९६५ साली डी अँड्राडे, ग्रँट आणि डिक्सन यांनी गुडघ्यात मुद्दाम द्रव भरून दाखवलं की सांधा फुगला की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारी आज्ञाच मंदावते. नंतरच्या प्रयोगांत दिसलं की त्याला थोडे मिलीलिटर पुरतात, आणि दुखत नसलं तरी हे घडतं. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जूच स्नायूला ‘थांब’ सांगतो, आपल्या इच्छेला न विचारता. म्हणजे आई आळस करत नव्हती, घाबरतही नव्हती. तिच्या आणि मांडीच्या मधली तार कुणीतरी दाबून धरली होती. हे तिला समजावल्यावर तिचा चेहरा बदलला. तोवर ती ‘मला जमत नाही’ म्हणत होती. त्या दिवशी ‘त्याला जमत नाहीये’ म्हणाली, आणि पुन्हा प्रयत्नाला लागली. उजवा पाय आधी आवळायचा, तो कसा वाटतो ते पाहायचं, मग डावा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या बोटांखाली काहीतरी थरथरलं. मासोळीनं पाण्यात शेपटी हलवावी तेवढंच. मी काही बोलले नाही, ती बोलली. “झालं ना आत्ता? झालं ना?”

मग मी वाचायला लागले, जे हाती लागेल ते. सांध्याला विश्रांती द्यायची की हालचाल, हा वाद शंभर-दीडशे वर्षांचा निघाला. लिव्हरपूलचे हाडांचे डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस यांचा भर सक्तीच्या, अखंड आणि दीर्घ विश्रांतीवर होता. १८७५ मध्ये त्यांनी खुबा, गुडघा आणि घोटा यांच्या विकारांवर पुस्तकही लिहिलं. तो सांध्यांच्या क्षयाचा काळ होता, औषधं नव्हती, आणि सांधा शांत ठेवण्यावाचून त्यांच्या हाती फारसं काही नव्हतं. त्यांना आज दोष देण्यात अर्थ नाही. फ्रान्समध्ये ल्यूका-शांपिओनिएर त्याच काळात उलट सांगत होते, मोडलेलं हाडसुद्धा लवकर हलवा म्हणत होते. पुढे टोरांटोत रॉबर्ट साल्टर यांनी सशांच्या कूर्चेला मुद्दाम इजा करून पाहिलं. जे सांधे यंत्रावर सतत हलत ठेवले त्यांची कूर्चा बांधून ठेवलेल्या सांध्यांपेक्षा चांगली भरून आली. मात्र माणसांच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ते यंत्र लावून फार मोठा फायदा दिसला नाही. नुसता पाय हलवून घेणं पुरत नाही, पायानं स्वतः हलावं लागतं, असं मी त्यातून समजले.

माझा सर्वांत लाडका माणूस मात्र थॉमस डीलॉर्म. किशोरवयात र्‍हुमॅटिक तापानं तो अंथरुणाला खिळला होता, आणि नंतर वजनं उचलून त्यानं आपलं शरीर पुन्हा उभं केलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयात डॉक्टर म्हणून काम करताना गुडघे निकामी झालेल्या सैनिकांना तो तेच द्यायला लागला: जेमतेम दहा वेळा उचलता येईल एवढं वजन, आणि ते जमलं की त्याहून थोडं जास्त. १९४५ मध्ये त्यानं हे लिहून काढलं. ‘थोडं जास्त’ या दोन शब्दांवर आजचं सगळं पुनर्वसन, म्हणजे दुखण्यानंतर शरीराला पुन्हा कामाला लावणं, उभं आहे.

आणि इथेच माझी तक्रार आहे. या फिजिओच्या आधी आम्ही एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. तिथे तीन मिनिटांत एक झेरॉक्सचा कागद हातात मिळाला. त्यावर सहा चित्रं, काडीच्या माणसांची, आणि खाली ‘रोज करावे’. किती वेळा, किती वेळ धरून, दुखलं तर काय, जमायला लागलं की पुढे काय, काहीच नाही. गोळी लिहून देताना कुणी नुसतं ‘औषध घ्या’ म्हणतं का? किती मिलिग्रॅम, किती वेळा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, सगळं लिहितात. व्यायामालाही मात्रा असते, ती वाढवावी लागते, कधी उतरवावी लागते. ती कुणीतरी बघून ठरवावी लागते. तो कागद घेऊन घरी आलेली आणि दोन दिवस करून सोडून दिलेली किती माणसं असतील! मग त्यांनाच ऐकवलं जातं, ‘तुम्ही व्यायाम करत नाही.’

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ५२.८ कोटी लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला सगळे ‘झीज’ म्हणतात तो विकार, होता आणि त्यातल्या ३४.४ कोटींचा त्रास पुनर्वसनाचा फायदा होईल इतका होता. एवढ्या माणसांना काडीच्या माणसांची चित्रं पुरणार नाहीत. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चाललेल्या एका उपक्रमात दोन सत्रं नुसती समजावून सांगण्यासाठी ठेवलेली असतात आणि मग बारा सत्रं देखरेखीखालच्या व्यायामाची. आधी समजावणं, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. आईची मांडी कुठल्याही पट्ट्यानं किंवा वजनानं जागी झाली नसती, जर ती स्वतःलाच दोष देत बसली असती.

दुखणं किती चालेल, हा सगळ्यांत अवघड प्रश्न. आमच्या फिजिओनं शून्य ते दहाची पट्टी दिली. व्यायाम करताना दोनपर्यंत बिनधास्त, पाचपर्यंत चालेल, पाचच्या वर गेलं की कमी करायचं. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी: चोवीस तासांत दुखणं मूळच्या जागी परत आलं पाहिजे. आलं तर मात्रा बरोबर, नाही आलं तर जास्त झाली. आईला आकडे सांगायची सवय नव्हती. आयुष्यभर ‘ठीक आहे’ हे एकच उत्तर देत आलेली बाई. पहिल्या आठवड्यात वहीत सगळीकडे ‘ठीक’ लिहिलेलं आहे. दुसऱ्या आठवड्यात एक ‘३’ दिसतो, खोडून केलेला ‘४’. मला तो खोडलेला आकडा अजून आवडतो. स्वतःच्या दुखण्याकडे तिनं नीट वळून पाहिलं, ते त्या खाडाखोडीत आहे.

पाचव्या आठवड्यात गडबड झाली. बरं वाटतंय म्हणून तिनं एका दिवसात दुप्पट केलं. दुसऱ्या सकाळी गुडघा पुन्हा भरला. माझा हात थेट उशीकडे गेला, हे कबूल करते. फोन केला, तर फिजिओ विचारायला लागली: गरम आहे का, लाल आहे का, ताप आहे का, पायावर भार देता येतो का. यातलं काही बिघडलं असतं तर आधी डॉक्टर. तसं काही नव्हतं. “मग बंद नाही करायचं. निम्मं करा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा वाढवू.” निम्मं करा. आमच्या घरात तोवर दोनच पर्याय होते, सगळं किंवा काहीच नाही. तिसरा त्या फोनवर मिळाला.

(आमवाताच्या सांध्यांचं थोडं निराळं. तिथे सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकतो, आग आतली असते आणि ती औषधानंच विझवावी लागते. पण तिथेही ‘हलू नका’ हा जुना सल्ला मागे पडला आहे. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या सुमारे तीनशे रुग्णांच्या दोन वर्षांच्या अभ्यासात जोमदार व्यायाम करणाऱ्यांची कार्यक्षमता वाढली. ज्यांचे मोठे सांधे आधीच फार बिघडलेले होते त्यांच्याबाबत मात्र जपून राहायला सांगितलं गेलं.)

खुर्चीतून उठणं हा सगळ्यांत मोठा डोंगर होता. तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं, हात न लावता, अशी एक चाचणी असते. हात लावला तर मोजणी शून्य. आईचं शून्य आलं. चालताना गुडघा साधारण साठ-पासष्ट अंश वाकतो, जिना चढताना ऐंशी-नव्वद, खुर्चीतून उठताना नव्वद-शंभरच्या घरात. तिचा पंच्याण्णव वाकत होता, म्हणजे गाडी काठावर होती, आणि ताकद तर नव्हतीच. फिजिओनं रजईची घट्ट घडी करून खुर्चीवर ठेवली, तीवर दुसरी, तीवर तिसरी. बैठक उंच झाली. “पाय मागे घ्या. पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर येऊ दे. आता जमीन ढकला.” आई उठली. हात न लावता, पहिल्यांदा. मग दर काही दिवसांनी एक घडी निघत गेली. शेवटची घडी निघाली त्या दिवशी तिला दोनदाच उठता आलं. काठी उजव्या हातात धरायची, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला, हेही तेव्हाच शिकलो. त्याआधी ती डाव्याच हातात धरायची.

बारा आठवड्यांनी गोनिओमीटरवर चार अंश राहिले होते. वाकणं एकशे बारा. तीस सेकंदांत नऊ वेळा. वजन थोडं उतरलं होतं, आणि गुडघ्याच्या बाबतीत थोडंही मोठं असतं: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी घटतो, असं २००५ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेनं गुडघ्याच्या व्यायामावरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वेदनेत सरासरी शंभरापैकी बाराएक गुणांचा उतार दिसला, आणि व्यायाम संपल्यावर काही महिन्यांत तो फायदा ओसरतानाही दिसला. आईचा गुडघा अजून दुखतो. पाऊल मोडून वळताना तिचा चेहरा बदलतो. पुढे कधी सांधा बदलायची वेळ आली तर तेही करू, आणि तेव्हा ही कमावलेली मांडी तिच्या कामी येईल. पण ती आता चौकटीपाशी थांबत नाही. बारा गुण म्हणजे किती, हे मला तिच्या जाण्यायेण्यावरून कळतं.

माझं मन मात्र तिच्या गुडघ्यापेक्षा हळू मोकळं होतंय. ती खुर्चीतून उठताना अजून माझे दोन्ही हात पुढे होतात. ती बघते, मी मागे घेते. कपाटातलं वरचं काही काढायला ती पंजांवर उभी राहते, तेव्हा मी पाठीमागे उभी राहून श्वास धरते. आजारी माणसासाठी काही करत राहणं सोपं असतं. करायचं सोडून नुसतं जवळ उभं राहायला मला वेगळं शिकावं लागतंय, आणि त्याला कुणी झेरॉक्सचा कागदही देत नाही.

श्वास धरायचा नाही म्हणून फिजिओनं तिला मोठ्यानं आकडे म्हणायला सांगितलं होतं. ती अजून म्हणते. सकाळी माझी जाग त्यानंच होते. भिंतीपलीकडून खुर्चीचा पाय थोडा घासतो, मग एक, दोन, तीन. सहाच्या पुढे आवाज जड होतो. आज आठवर थांबली. मी अंथरुणात उठून बसले, कान लावून. पलीकडे बराच वेळ काही नाही, नुसता श्वास.

“नऊ.”